नव्या प्लॅटफॉर्मवरचा ऑनबोर्ड आवाज: निवांत यंत्रावर मोजावा की भाराखाली?

तरंगलांबी

नमस्कार मंडळी,

नवा डेस्कटॉप जोडून झाला की त्याची चाचणी घेण्याची माझी ठरलेली रीत आहे. आधी बायोस अद्ययावत करायचा, मग रात्रभर मेमरी तपासायची, त्यानंतर प्रोसेसरला तासभर पूर्ण भाराखाली ठेवायचे आणि शेवटी ग्राफिक्स कार्डाकडे वळायचे. आवाजाची चाचणी मी नेहमी सर्वांत शेवटी, यंत्र निवांत असताना, पाच मिनिटांत उरकत आलो आहे. मागच्या लाइन-आउटमधून लाइन-इनमध्ये ३.५ मिमीची केबल जोडायची, राइटमार्क ऑडिओ अॅनालायझर हा आवाज मोजणारा प्रोग्राम चालवायचा आणि हिरवे शेरे दिसले की केबल काढून ठेवायची, एवढेच.

या वेळी जोडलेल्या यंत्रातही सगळे शेरे उत्तम आले. दोन दिवसांनी मात्र एक लांबलचक रेंडर चालू असताना हेडफोन लावून बसलो होतो. गाणे संपले आणि पुढचे सुरू होण्याआधीच्या त्या दोन सेकंदांत मागे बारीक, उंच पट्टीतली कुरकुर ऐकू आली. रेंडर थांबवला की ती थांबत होती. ब्राउझरचे पान भरभर वरखाली सरकवले की तिची पट्टी बदलत होती, जणू कोणी पडद्यावरची हालचाल कानात वाचून दाखवत होते.

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. नव्या प्लॅटफॉर्मच्या परीक्षणात कामगिरीचे आकडे एका पानावर आणि आवाजाचे आकडे दुसऱ्या पानावर असतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या अवस्थेत घेतलेले असतात. वापरणारा मात्र आवाज ऐकतो तो यंत्र कामात असतानाच. मग आवाजाची चाचणी भाराखालीच घ्यायला नको का? आपण सर्व जण ती कशी घेता?

निवांतश्रोता

हेडफोन पुढच्या पोर्टात होते की मागच्या?

शून्यस्तर

प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु भाराखालच्या मोजणीकडे जाण्याआधी निवांत अवस्थेतली मोजणी तरी बरोबर झाली आहे का, हे पाहणे आवश्यक आहे, कारण पाच मिनिटांत उरकलेल्या लूपबॅक चाचणीत, म्हणजे आउटपुट त्याच यंत्राच्या इनपुटला जोडून घेतलेल्या चाचणीत, चुकीला भरपूर वाव असतो.

पहिली गोष्ट म्हणजे लूपबॅकमध्ये आपण केवळ आउटपुट मोजत नाही. आउटपुट आणि इनपुट यांची बेरीज मोजतो. रियलटेक एएलसी१२२० या कोडेकचे, म्हणजे डिजिटल आवाजाचे अॅनालॉगमध्ये आणि उलट रूपांतर करणाऱ्या चिपचे, उदाहरण घ्या. उत्पादकाने त्याच्या आउटपुटसाठी १२० डेसिबल, तर इनपुटसाठी ११३ डेसिबल असे सिग्नल आणि गोंगाटाचे गुणोत्तर दिले आहे. म्हणजे बोर्डाची रचना निर्दोष असली तरी लूपबॅकमध्ये ११३ च्या वरचा आकडा दिसणे शक्य नाही. आणि प्रत्यक्ष बोर्डावर हे आकडे कधीच गाठले जात नाहीत, कारण ते कोडेकच्या चिपचे आहेत. चिपपासून पोर्टापर्यंतच्या वाटेचे नाहीत. खोक्यावर छापलेला १२० हा आकडा वाचून बोर्डांची तुलना करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट सॅम्पल रेटची, म्हणजे आवाजाचे दर सेकंदाला किती नमुने (सॅम्पल) घेतले जातात त्याची. विंडोजच्या सामायिक मोडमध्ये सर्व आवाज एका ठरावीक स्वरूपात आणून मिसळले जातात. सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ असताना ४४.१ ची चाचणी चालवली, तर वाटेत रूपांतर होते आणि आपण कोडेकऐवजी त्या रूपांतराचे मोजमाप घेत बसतो. चाचणीसाठी एकतर विंडोजच्या वासापी या ध्वनिव्यवस्थेचा, हे मिश्रण टाळणारा एक्स्क्लुझिव्ह मोड वापरावा किंवा इनपुट, आउटपुट आणि चाचणी या तिन्ही ठिकाणी एकच दर ठेवावा. ड्रायव्हरसोबत येणारी आवाज खुलवणारी सर्व साधने बंद करावीत. लाउडनेस समतल करणारे साधन चालू राहिले तर शांत भाग वर उचलला जातो आणि चांगला बोर्डही वाईट दिसतो.

तिसरी गोष्ट पातळीची. पूर्ण पातळीवर आउटपुट दिले की अनेक बोर्डांचे लाइन-इन वरून छाटले जाते आणि विकृतीचा आकडा उगाच वाढतो. पातळी एक-दोन डेसिबल खाली घेऊन पुन्हा मोजावे. विकृती एकदम कमी झाली तर दोष इनपुटच्या छाटणीचा होता असे समजावे.

तरंगलांबी

@निवांतश्रोता, पुढच्या. चाचणी मात्र मागच्या पोर्टावर घेतली होती. आपण एका ओळीत विचारलेत आणि माझी चूक मला तिथेच दिसली.

@शून्यस्तर, लाउडनेसचे साधन बंद होते, पण सॅम्पल रेट मी पाहिलाच नव्हता. आज पुन्हा मोजतो.

तांब्याची तार

मग निम्मे उत्तर मिळालेच म्हणायचे. पुढच्या पोर्टाची केबल मदरबोर्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघते आणि कॅबिनेटच्या पुढच्या भागापर्यंत जाते. बहुतेक कॅबिनेटमध्ये ही केबल म्हणजे काही सुट्या, पातळ तारा असतात; त्यांवर धातूचे आवरण नसते किंवा असले तरी नावापुरतेच असते. जोडताना आपण ती जवळच्या वाटेने, म्हणजे नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या खालून नेतो. कार्डाच्या व्होल्टेज नियामकांतून भाराखाली मोठा प्रवाह वेगाने चालू-बंद होत असतो, आणि शेजारून जाणारी ही केबल तो गोंगाट उचलून घेते.

स्वतः पाहायचे असेल तर एक सोपा प्रयोग आहे. पुढच्या पोर्टातून लाइन-इनमध्ये केबल जोडा, काहीही न वाजवता २४ बिटवर एक मिनिट ध्वनिमुद्रण सुरू ठेवा आणि पडद्यावर त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती आवाज आहे याचा आलेख, उघडा. यंत्र निवांत असताना तळाशी एक खडबडीत, जवळपास सपाट रेघ दिसते. आता ग्राफिक्सची चाचणी सुरू करा. माझ्याकडे त्या रेघेतून दोन किलोहर्ट्झच्या पुढे सुळके उगवले आणि चाचणीतले दृश्य बदलले की ते डावी-उजवीकडे सरकू लागले. तसेच चालू ठेवून मी कॅबिनेट उघडले आणि ती केबल दोन बोटांत धरून कार्डापासून हातभर दूर, मदरबोर्डाच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत नेली, तेव्हा सुळके डोळ्यांदेखत खाली बसले. त्या दिवसापासून मी केबलची वाट आधी ठरवतो आणि कार्ड नंतर बसवतो.

घड्याळगती

मी थोडा वेगळा विचार मांडतो. वर लिहिलेले सर्व खरे आहे, पण त्यावरून आवाज आणि कामगिरी यांची चाचणी एकत्र घ्यावी असा निष्कर्ष निघत नाही.

कामगिरीची चाचणी घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा पहिला नियम आहे. नव्या प्लॅटफॉर्मवर तेवढे पाळणेही जड जाते. रायझेन ७००० मालिकेच्या १७० वॉटच्या प्रोसेसरांना एएमडीच्या एएम५ सॉकेटवर प्रत्यक्षात २३० वॉटपर्यंत शक्ती घेण्याची मुभा आहे. इंटेलच्या कोअर आय९-१२९००के मध्ये मूळ शक्ती १२५ वॉट, तर कमाल टर्बो शक्ती २४१ वॉट आहे, आणि अनेक बोर्डांचे बायोस मूळ सेटिंगमध्येच या मर्यादा आणखी सैल करून ठेवतात. मेमरी डीडीआर५-४८०० वर चालते की एक्सएमपी किंवा एक्सपोच्या, म्हणजे मेमरी जास्त वेगाने चालवणाऱ्या तयार प्रोफाइलवर, यानेही निकाल बदलतो. एवढ्या अस्थिर जमिनीवर उभे राहून मी सिनेबेंच या प्रोसेसर-चाचणीच्या तीन फेऱ्या घेतो आणि मधला आकडा धरतो. त्यात आणखी ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रम चालू ठेवला, तर आकड्यातला फरक कशामुळे आला हे मला सांगता येणार नाही.

शिवाय आवाजाचा प्रोसेसरवर पडणारा भार आता उरलेला नाही. इंटेलचे एसी'९७ हे मानक आले त्या काळात ध्वनीची प्रक्रिया प्रोसेसरच करत असे आणि अनेक आवाज एकदम वाजवणाऱ्या खेळांत दृश्यांचा वेग घसरलेला स्पष्ट दिसे. २००४ मध्ये त्याच्या जागी एचडी ऑडिओ आले. त्यातही प्रक्रिया प्रोसेसरकडेच आहे, परंतु आजच्या प्रोसेसरला ते काम जाणवतही नाही. म्हणून माझे मत असे आहे की दोन्ही चाचण्या स्वतंत्र असाव्यात आणि स्वतंत्रच मांडाव्यात.

जुनेकार्ड

प्रोसेसरवरचा भार हा विषय निघालाच आहे म्हणून थोडे मागे जातो. एनव्हीडियाच्या एनफोर्स२ चिपसेटवर, २००२ मध्ये, साउंडस्टॉर्म नावाची ऑनबोर्ड ध्वनियंत्रणा होती. तिच्यात ध्वनीसाठी स्वतंत्र प्रक्रिया विभाग होता आणि खेळातला बहुवाहिनी आवाज ती त्याच क्षणी डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून एका डिजिटल केबलवरून ॲम्प्लिफायरला देत असे. ऑनबोर्ड म्हणजे दुय्यम, हा समज मोडणारी ती मोठी गोष्ट होती.

पुढे विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंड या विंडोजच्या ध्वनिप्रणालीतली हार्डवेअरची वाटच काढून टाकली आणि मिश्रणाचे सगळे काम सॉफ्टवेअरकडे आले. क्रिएटिव्हच्या महागड्या कार्डांचा मोठा फायदा त्या एका बदलाने गेला. त्यानंतर ऑनबोर्ड आणि स्वतंत्र कार्ड यांतला फरक प्रामुख्याने अॅनालॉग भागाचा राहिला, म्हणजे वर चर्चा चालू आहे त्याच गोंगाटाचा. त्यामुळे ऑनबोर्ड आवाजाची खरी कसोटी आज तिथेच आहे, असे मला वाटते.

संगणकसखी

@घड्याळगती, आपल्या शेवटच्या मुद्द्याशी मी असहमत आहे. सरासरी भार नगण्य आहे हे मान्य, पण आवाज सरासरीवर चालत नाही.

मी घरी गायनाचे ध्वनिमुद्रण करते. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (आवाजाचा आगाऊ तयार करायचा तुकडा) ठेवला, की प्रोसेसरला दर वेळी सुमारे २.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात पुढचा तुकडा तयार झाला नाही तर टचकन आवाज येतो आणि ती ओळ पुन्हा गावी लागते. मागच्या यंत्रावर प्रोसेसरचा वापर दहा टक्क्यांच्याही खाली असताना दर काही मिनिटांनी असा टचका येत होता. कामगिरीच्या सर्व चाचण्यांत ते यंत्र अव्वल होते. शेवटी असा विलंब शोधणारा लेटन्सीमॉन हा प्रोग्राम तासभर चालवून ठेवला, तेव्हा बिनतारी नेटवर्कच्या ड्रायव्हरची एक डीपीसी (ड्रायव्हरचे इतर कामांआधी उरकले जाणारे काम) अधूनमधून दोन मिलिसेकंदांहून जास्त वेळ प्रोसेसर अडवून धरत असल्याचे दिसले. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनानुसार असे काम १०० मायक्रोसेकंदांत आटोपले पाहिजे. ड्रायव्हर बदलल्यावर टचके थांबले.

प्लॅटफॉर्म नवा असताना हा धोका जास्त असतो, कारण बायोस आणि ड्रायव्हर दोन्ही कच्चे असतात. याचे जाहीर उदाहरणही आहे. काही रायझेन यंत्रे मध्येच क्षणभर अडखळतात हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले होते. एफटीपीएम या सुरक्षाव्यवस्थेला मदरबोर्डावरच्या फ्लॅश मेमरीशी करावे लागणारे व्यवहार लांबल्यामुळे ते घडत होते आणि त्यावरचा उपाय नव्या बायोसमधून देण्यात आला. सिनेबेंचच्या आकड्यात अशा अडखळण्याचा मागमूस लागत नाही. कानाला मात्र ते लगेच कळते. म्हणून मी तर म्हणेन की आवाज हीच कामगिरीची अतिशय कडक चाचणी आहे.

निवांतश्रोता

संगणकसखीताईंच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत.

शून्यस्तर

इथे दोन वेगळे दोष एकत्र बोलले जात आहेत, ते वेगळे केले तर वाद बराच मिटेल. तरंगलांबी यांना ऐकू आलेली कुरकुर अॅनालॉग दोष आहे. डिजिटल माहिती अचूक आहे, पण पोर्टापर्यंत जाताना तिच्यात विद्युत गोंगाट मिसळतो. संगणकसखी यांचा टचका वेळेचा दोष आहे. अॅनालॉग भाग स्वच्छ आहे, पण माहितीच वेळेवर पोहोचत नाही. पहिल्याचा उपाय तारा, जमिनीची जोडणी (ग्राउंड) आणि बोर्डाची मांडणी यांत आहे. दुसऱ्याचा उपाय ड्रायव्हर, बायोस आणि बफर यांत आहे. दोन्हींमधले साम्य एवढेच की निवांत यंत्रावर ते लपून राहतात.

लूपबॅकमध्ये दोन्ही ओळखता येतात. पहिला दोष शांततेच्या मुद्रणात सापडतो. दुसऱ्यासाठी ९९७ हर्ट्झचा सलग स्वर दहा मिनिटे वाजवून मुद्रित करावा आणि मुद्रणातून तो स्वर गाळून टाकावा. जिथे सॅम्पल गळले तिथे उभी टोके उरतात. नेमके ९९७ घेण्याचे कारण असे की १००० हर्ट्झचा स्वर ४८ किलोहर्ट्झला नि:शेष भागतो आणि दर ४८ सॅम्पलनी तेच ते आकडे फिरून येतात. ९९७ ही मूळ संख्या असल्याने तसे होत नाही आणि कोडेकच्या सर्व पायऱ्या तपासल्या जातात.

रोधक

कोणी भाराचा दुसरा अर्थ घेतलेला दिसला नाही, म्हणून लिहितो. लाइन-इनचा रोध काही हजार ओहम असतो, त्यामुळे लूपबॅकमध्ये आउटपुटवर जवळजवळ काहीच ओझे पडत नाही. हेडफोन मात्र अनेकदा ३२ ओहमचे असतात. मोकळ्या केबलवर उत्तम दिसणारे आउटपुट हेडफोन लावताच विकृत होऊ शकते, आणि राइटमार्कच्या पानावर त्याची नोंद कुठेही नसते.

मी दोन वाटांचा जोड घेतला आणि त्याच्या एका वाटेवर प्रत्येक वाहिनीसाठी ३३ ओहमचा एकेक रोध डागून टाकला. दुसरी वाट लाइन-इनकडे जाते. रोधासह आणि रोधाविना अशी दोनदा मोजणी घेतो. पातळी किती डेसिबलने खाली आली यावरून आउटपुटचा स्वतःचा रोधही काढता येतो. पातळी निम्म्यावर, म्हणजे ६ डेसिबलने खाली आली, तर आउटपुटचा रोधही ३३ ओहमच आहे असे समजावे. आउटपुटचा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा, असा एक ढोबळ नियम वापरात आहे. कानात घालायच्या, अनेक ड्रायव्हर असलेल्या इयरफोनना हे विशेष लागू पडते, कारण त्यांचा रोध वारंवारतेनुसार बदलतो आणि जास्त रोधाच्या आउटपुटवर त्यांचा सूरच बदलून जातो.

मागचापोर्ट

रोधक यांचा जोड उत्तम आहे. एक भर घालतो. अलीकडच्या वरच्या श्रेणीतल्या अनेक बोर्डांवर एएलसी४०८० किंवा एएलसी४०८२ असतो, आणि हे कोडेक एचडी ऑडिओच्या जुन्या जोडणीऐवजी बोर्डाच्या आतूनच यूएसबीवर जोडलेले असतात. त्यामुळे स्पेक्ट्रम वाचताना यूएसबीची घड्याळे ओळखीची हवीत. यूएसबी २.० च्या वेगवान जोडणीत माहितीची देवाणघेवाण १२५ मायक्रोसेकंदांच्या पावलांनी होते, म्हणून त्या गोंगाटाचा सुळका ८ किलोहर्ट्झवर उभा राहतो. कमी वेगाच्या साधनांचा १ किलोहर्ट्झवर आणि त्याच्या पटींत. १ किलोहर्ट्झचाच चाचणीस्वर वापरला तर हा गोंगाट त्याच्या आड लपतो. ९९७ च्या बाजूने हे आणखी एक कारण म्हणता येईल. ५० आणि १०० हर्ट्झवर सुळके असतील तर मात्र कोडेककडे बोट दाखवू नये; तिथे विजेच्या जोडणीतला जमिनीचा फेरा (ग्राउंड लूप) शोधावा.

तरंगलांबी

सर्वांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी बसून पुन्हा सर्व मोजले.

सॅम्पल रेट सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ, बिट २४, सुधारक साधने बंद. निवांत यंत्र, केवळ प्रोसेसरवर भार, केवळ ग्राफिक्सवर भार आणि दोन्हींवर एकदम भार, अशा चार अवस्था घेतल्या. प्रत्येक अवस्था मागच्या आणि पुढच्या पोर्टावर. मागच्या पोर्टावर चारही अवस्थांतला गोंगाट २ डेसिबलच्या आत राहिला. पुढच्या पोर्टावर प्रोसेसरच्या भाराने जेमतेम फरक पडला, ग्राफिक्सच्या भाराने मात्र गोंगाट १४ डेसिबलने वर आला. तांब्याची तार यांनी सांगितले तशी केबल बोर्डाच्या पाठीमागून फिरवली, तेव्हा १४ चे ४ झाले. रात्री तोच रेंडर लावून हेडफोन घातले आणि दोन गाण्यांमधली शांतता पूर्ण शांत होती.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. पान सरकवताना येणारी कुरकुर गेली, पण पुढच्या यूएसबी पोर्टात बाह्य डिस्क लावली की ८ किलोहर्ट्झवर एक छोटा सुळका अजूनही दिसतो.

तांब्याची तार

पुढच्या पॅनेलवर यूएसबी आणि ऑडिओ एकाच छोट्या पट्टीवर असतात आणि कित्येकदा त्यांची जमीनही तिथे एकत्र केलेली असते. ती पट्टी उघडून पाहा. तसे असेल तर डिस्क मागच्या पोर्टात लावणे हाच सरळ उपाय आहे. तिथे डागणीच्या फंदात पडू नये.

घड्याळगती

मी काल माझ्याकडे एक पडताळणी केली, कारण संगणकसखी यांचे म्हणणे मनात राहिले होते. एकच खेळ, एकच दृश्य, ध्वनिमुद्रण चालू आणि बंद अशा दोन्ही प्रकारे पाच-पाच फेऱ्या घेतल्या. सरासरी वेगात फरक पडला नाही. माझे ते म्हणणे टिकते. परंतु फ्रेमना लागलेल्या वेळांची रेघ काढली, तेव्हा दोन ठिकाणी उंच टोके होती आणि नेमक्या त्याच क्षणी मुद्रित स्वरात सॅम्पल गळलेले होते. दोन्हींचे कारण एकच असणार. केवळ रेघ पाहून ती टोके मी खेळाच्या माथी मारली असती.

त्यामुळे माझ्या रीतीत बदल करतो. कामगिरीचे आकडे स्वतंत्रच घेईन, पण त्यानंतर एक जादा फेरी ९९७ च्या स्वरासह घेईन आणि तिचा आकडा सरासरीत धरणार नाही.

संगणकसखी

याहून अधिक काही मागत नव्हते. त्या फेरीत नेटवर्कवरून मोठी फाइलही उतरवत राहा; माझ्याकडचा दोष त्याशिवाय दिसतच नव्हता.

तरंगलांबी

मग एक विनंती करतो. ज्यांच्याकडे नवा प्लॅटफॉर्म आहे त्यांनी एक मिनिट शांततेचे आणि दहा मिनिटे स्वराचे अशी दोन मुद्रणे, निवांत आणि भाराखाली, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करून इथे द्यावीत. सोबत बोर्ड, कोडेक, बायोसची आवृत्ती आणि ग्राफिक्स कार्ड लिहावे, आणि फाइलच्या नावात पोर्ट पुढचा की मागचा हे न विसरता घालावे.